मरे नदी मिरजेला जात नाही

आजच्या सभेचे अध्यक्ष राजाभाऊ, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या मृणालिनीताई आणि अबुधाबीच्या आपल्या मंडळातील बंधुभगिनींनो,

माझी शाळा सातवीत सुटली. भाषणाची सवय नाही. हा माईक मध्येच बंद पडेल अशी धास्तीही आहे. पण सत्कारमूर्ती बोलत असताना त्याला थांबवायचं नाही, हा आपल्या मंडळाचा रिवाज. घरी माझं वाक्य पुरं होत नाही, म्हणून इथे बोलतो.

माझा मुलगा उपेंद्र, सून उर्मिला आणि नात अस्मी कायमचे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला निघाले. उपेंद्रच्या नोकरीवर माझा इथला व्हिसा. तो आता खलास. मी मिरजेला पुतण्याकडे जायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं? उपेंद्र म्हणतो, "आधी आम्ही सेटल होतो बाबा, मग बघू." उर्मिला म्हणते, "तुम्ही तर लिफ्टलाही घाबरता!"

घाबरतोच. म्हणून अस्मीला म्हटलं, तिथे जिचं पाणी प्यायचं ती नदी आधी दाखव. तिने ॲटलास उघडला. "आजोबा, इट्स जस्ट अ रिव्हर!"

जस्ट? मरे नदी बर्फाच्या डोंगरात उगम पावते. समुद्र तिथून जवळ. पण ही त्याच्याकडे पाठ फिरवून पश्चिमेला निघते. आपली कृष्णा तरी दुसरं काय करते? तीही जवळचा समुद्र सोडून उलट पूर्वेला जाते. वाटेत डार्लिंग नदी येऊन मिळते. पुढे मॉर्गन गावापाशी, एवढं चालून आल्यावर, ही एकदम दक्षिणेला वळते! मग मोठं सरोवर, मग समुद्र. मुखाशी वाळू साचते, तर सध्या तिथे गाळ उपसणारे ड्रेजर लावून वाट मोकळी ठेवतात. म्हातारी नदी आहे, आता पुरे, असं तिला कुणी म्हणत नाही.

राजाभाऊ, ही निरोपाची शाल मी घेणार नाही. राग मानू नका. उपेंद्र, निघण्याआधी माझ्या ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा अर्ज भर, नाहीतर या सगळ्यांसमोर नाही म्हण.

काय? मोठ्याने बोल. "एवढा वेळ विमानात बसाल?"

बसेन. घाबरत बसेन, पण बसेन.

हो म्हणून मान हलवलीस ना? मृणालिनीताई, तुम्ही पाहिलंत. साक्षीदार राहा.

मंडळाने मला आपलं मानलं, याचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. हट्टाची मात्र माफी मागत नाही.