विहिरींची खरी पातळी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या भूजल मोजणीच्या मॅडम, आणि माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

हे भाषण आमचे दादा करणार होते. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता तुम्हीच उभे राहा." मला बोलायची सवय नाही. पण दादांच्या नावावर एक चूक नोंदली गेली आहे, ती दुरुस्त केल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

मॅडमचं काम आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, खडू भिजला तिथे पाणी. अकरा वर्षं पातळी उत्तम निघाली. त्या भरवशावर आपण बागा वाढवल्या. फळं वाढली म्हणून रसाचा कारखाना आला, कारखान्याला फळं कमी पडली म्हणून आणखी बागा लावल्या. पाणी मात्र दोघांचं एकच, जमिनीखालचं. मग कारखान्याने दुप्पट पाण्याची परवानगी मागितली.

त्या वर्षी मॅडम ठरल्या तारखेच्या तीन दिवस आधीच आल्या. मोटारी चालू होत्या. टेप कोरडी वर आली.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

दादा सरळ म्हणाले, "तुम्ही यायच्या आधी दोन दिवस आम्ही मोटारी बंद ठेवतो ना! मोटार चालू असली की पाणी हलतं, तुम्हाला तीन तीनदा टेप सोडावी लागते."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून. एवढं तर करायलाच हवं."

मॅडम विहिरीच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "अहो, दोन दिवसांत विहीर भरते. मी अकरा वर्षं तुमचा पाहुणचार मोजत होते!"

त्यांनी कार्यालयाला लिहिलं, माझ्या सर्व नोंदी रद्द कराव्यात. त्यांची बढती अडली. कारखान्याचा विस्तार थांबला. नोकऱ्या गेल्या म्हणून आपण कोणावर तुटून पडलो? दादांवर. याच सभागृहात कोणीतरी ओरडलं, "छान पांग फेडलेत गावाचे!"

मंडळी, मोटारी बंद ठेवायची कल्पना दादांची नव्हती. ती माझी. सायकलवरून विहिरी-विहिरींवर निरोप देत मीच फिरायचो. त्या सभेत मी उठू लागलो तर दादांनी हात धरून बसवलं. "बस खाली. मी बागाईतदारांचा अध्यक्ष आहे, शिव्या खाणं माझ्याच कामात येतं."

मी बसलो. आठ वर्षं बसूनच राहिलो.

पुढचं तुम्ही जाणता. न कळवता मोजणी सुरू झाली. चौथा हिस्सा बागा आपण काढल्या, उरलेल्यांना ठिबक बसवलं. कारखान्याला वाढ मिळाली, पण निम्मी, आणि फळं धुतलेलं पाणी शुद्ध करून बागांना द्यायच्या अटीवर. गेली चार वर्षं पातळी ढळलेली नाही, आणि कारखान्यात आपलीच मुलं-मुली आहेत. मला खात्री आहे, हे टिकेल, कारण आता आपल्याला खरा आकडा माहीत आहे.

मॅडम, तुम्ही स्वतःच्या अकरा वर्षांच्या नोंदी स्वतःच्या सहीने खोडल्यात. मला एकच खोडायची होती. अध्यक्ष महोदय, त्या सभेच्या इतिवृत्तात मोटारी बंद ठेवल्याचा दोष दादांच्या नावावर आहे; माझी विनंती आहे, आजच्या इतिवृत्तात तो माझ्या नावावर लिहावा.

मॅडमना उत्तम आरोग्य लाभो. आपण शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. उशीर झाला, त्याची माफी मात्र मी वहिनींकडे मागेन.