गंजभर वांगे

(बेला गावातलं परस. चुलीजवळ भाजी शिजवायचा मोठा गंज, म्हणजे पातेलं. ओसरीवर गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या जेवणाला आलेले पाहुणे.)

प्रयागबाई : गंज गळ्यापर्यंत भरला पाह्यजे, असंच बोलले होते ना तुमी?

अमृतराव : हो. रोडग्याच्या भाजीले एक वांगं बी माह्या भाजीच्या दुकानातलं लागलं, तं सोमवारी परसातली सूनबाईची बाग काढून फरशी. मंग दुकानाचा ऑटो इथंच उभा राहीन. तिनं कबूल केलं हाय.

प्रियदर्शनी : मी कुठं नाही म्हनते, मामाजी?

अमृतराव : मंग गंज अर्धाच कसा? थंडी पडली नाही, मटार गेला, गोबी फुटली. वांगे कुठून येतीन?

प्रयागबाई : थंडी नसताना झाडं झाकाले कोनं लावली? रोज संध्याकाळी माह्या जुन्या लुगड्यांची पांघरुनं! सारा फुलोरा सडून गळला.

अमृतराव : दरसाल इथं दात वाजतात. मले का मालूम, औंदा स्वेटर पेटीतच राहीन?

प्रियदर्शनी : म्हनून तं मी झाडांवरची लुगडी काढून टाकली. तवा तुमी बोलनं टाकलं माह्यासंगं.

अमृतराव : मोठ्या मानसाचं आयकाव लागते.

प्रियदर्शनी : आयकलं तवर एक फूल नाही टिकलं. आई, हे वांगं कुठलं?

प्रयागबाई : टोपल्यातलंच.

प्रियदर्शनी : याचा देठ वाळला हाय. आपले तं सकाळी तोडले.

अमृतराव : दाखव इकडं. प्रयागे, हे माह्या दुकानातलं!

प्रयागबाई : दोनच आनले जी! पोरीनं हिवाळाभर पाठ मोडली, अन् दोन वांग्यांसाठी फरशी टाकता?

अमृतराव : शर्त म्हंजे शर्त.

प्रियदर्शनी : बरोबर हाय त्यायचं. ते दोनी बाजूले ठेवा, आई. अन् हे दुसरं टोपलं घ्या.

प्रयागबाई : हे कवा तोडले व?

प्रियदर्शनी : आत्ताच. लुगडी काढल्यावर न्हानीमागची ओळ पुन्हा फुलली. ती शेवटी ठेवली होती, ताजे पडावे म्हनून.

प्रयागबाई : अव माय! मावून नाही राह्यले गंजात!

प्रियदर्शनी : पाहा मामाजी, गळ्याच्या वर गेले.

अमृतराव : दिसते मले. दाबू नको, फुटतीन.

प्रयागबाई : मंग सोमवारी मिस्त्री येते का?

अमृतराव : नाही येत.

प्रयागबाई : जोरानं बोला, ओसरीवर आयकू जाऊ द्या.

अमृतराव : नाही येत म्हनलं ना! सूनबाई...

प्रियदर्शनी : जी, मामाजी?

अमृतराव : भिंतीजवळ मिरचीले जरा जागा ठेवजो. रोप मी आनतो.