बदलीचा कागद

आमच्या घरी एक नियम आहे. बाबांच्या बँकेतून बदलीचा कागद आला की प्रश्न विचारायचे नाहीत, खोकी आणायची. या नियमापायी मी पाच शाळा बदलल्या.

यंदा बेहालाच्या फ्लॅटवर कागद आला, नागपूरचा. त्याच आठवड्यात मला नोकरी करणाऱ्या इंजिनिअरांसाठीच्या मॅनेजमेंट कोर्सला प्रवेश मिळाला होता. आठवडाभर शहराच्या दुसऱ्या टोकाला सॉल्ट लेकला ऑफिस आणि शनिवार-रविवार वर्ग.

"नागपुरात कॉलेजं नाहीत का?" बाबा खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाले.

"आहेत. पण माझी नोकरी आणि प्रवेश दोन्ही इथे आहेत."

सामान बांधायला पुण्याहून आलेले काका हसले. "अगं, कोडिंग येतं ना? मग मॅनेजमेंट कशाला? आधी स्वयंपाकघर मॅनेज करून दाखव!"

मला हसू आलं नाही. "काका, मुलाखतीत मला विचारलं, तुम्ही स्वतः घेतलेला एखादा निर्णय सांगा. मला एकही आठवेना. शाळा, शहर, अगदी इंजिनिअरिंगसुद्धा तुम्ही दोघांनी ठरवलेलं. शेवटी म्हटलं, या खुर्चीत येऊन बसले, हाच माझा पहिला निर्णय."

"बरं, मग?" बाबांचा आवाज चढला.

"मग मी नागपूरला येत नाही. इथेच टॉलीगंजला खोली घेतली आहे."

"एकटी? कुणी बघितली ती खोली?"

"मी," आई म्हणाली. "चांगली आहे. उजेड आहे."