मामांनी पळवलेलं कुलूप

मामांचं नाव काढलं तरी डोकं तापतं माझं. तुम्हाला माहितीये, मला किल्लीशिवाय, तारेने कुलपं उघडायचा नाद आहे. माझ्याकडच्या एका बिनकिल्लीच्या कुलपाचा गाभा, म्हणजे किल्ली फिरते तो आतला भाग, कंपनीच्या खास किल्लीने अख्खा बाहेर निघतो. तो मला तारेने काढायचा होता. कवठे महांकाळचे मामा सांगलीला आले आणि टेबलावरचं ते उघडं कुलूप न विचारता घेऊन गेले!

दुसऱ्या दिवशी फोन. "मोटारीच्या पेटीला तुझं कुलूप लावलंय. किल्ली कुठं हाय गं?"

"त्याला किल्लीच नाही, मामा!"

"आँ? मग ये लवकर. लाईट चारपर्यंतच हाय, द्राक्षाला पाणी न्हाई."

गेले मी. मामा अगदी मानेवर उभे. "झालं का?" म्हणाले की मी दचकायची आणि तार निसटायची. शेवटी मी ओरडले, "तीन आठवडे झटतेय मी याच्याशी, गप्प बसा जरा!" आणि त्या रागातच गाभा अख्खा हातात आला! पेटी उघडली, मोटार सुरू झाली.

मामांनी गाभा उलटसुलट करून बघितला. "तीन आठवडं झटलीस, आन् शेवटी मोडलंसच व्हय गं?"