सॉफ्टबॉलबरोबर बंद झालेला रस्ता

...आणि म्हणे कपडे चालत आणा! गाद्यांची आवरणं, चार पोरांचे आठवडाभराचे पायमोजे, सगळं टोपलीत भरायचं आणि डोक्यावर घेऊन यायचं, का, तर उन्हाळाभर दर शनिवारी मेन स्ट्रीट गाड्यांना बंद! तुम्हाला सांगतो, नाणी टाकून चालवायच्या मशीनची माझी लाँड्री त्याच रस्त्यावर, आणि लोक कपडे धुतात कधी? शनिवारी! बाकीचे दिवस कारखान्यात असतात बिचारे. शनिवार गेला की दुकान गेलं... पण बोलायचं कुणाला?

ही अक्कल नगरसेविका मार्लिस हेगडॉर्नबाईंची. बाई एकदा युरोपात जाऊन आल्या, तिथे रस्त्यात खुर्च्या टाकून लोक कॉफी पितात हे बघून आल्या, झालं! आता आमच्या ओहायोतल्या गावानेही रस्त्यातच बसलं पाहिजे. वर नगरपालिकेच्या ज्या सभेत हे ठरायचं, त्याच सभेत पाणीपट्टीची वाढ. लाँड्रीवाल्याला, पाणीपट्टी! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

सभेला निघताना बर्निस, म्हणजे आमची ही, म्हणाली, तोंड सांभाळून बोला. अहो, उघडायला मिळालं तर सांभाळणार ना! टाय बांधून गेलो. आधी सगळे छातीवर हात ठेवून झेंड्यासमोर उभे. मग नगराध्यक्ष अ‍ॅमस्टुट्झ. हा एरवी विमा विकतो, त्यामुळे बारीक अक्षरातलं भरभर वाचायची जन्माची सवय. आमच्याकडे रीत अशी की किरकोळ विषयांची एक मोट बांधायची आणि चर्चा न करता एकदम मंजूर करायची. सुटला गडी वाचत... मागच्या सभेचं इतिवृत्त, अग्निशमन दलाचे पाइप, अमुक ठराव, तमुक ठराव, मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचं अभिनंदन, हरकत आहे कुणाची, नाही, मंजूर! कडाडून टाळ्या. पोरी गोड होत्या हो, जिंकून आल्या होत्या. मीही वाजवल्या. उभा राहून वाजवल्या!

पुढे तासभर कुणाच्या तरी कुंपणावर वाद, खुर्ची तर अशी की पाठीचा पापड, आणि एकदाचं माझं नाव पुकारलं. म्हटलं, मेन स्ट्रीटबद्दल बोलायचंय. अ‍ॅमस्टुट्झ असा हसला, जसा काही माझा विमाच उतरवतोय.

"लेनर्ड, रस्ता मघाशीच मंजूर झाला. सॉफ्टबॉलबरोबर. तू टाळ्या वाजवल्यास की."

सांगा आता, बोलायचं कुणाला? म्हणाला, आता फक्त पाण्यावर बोल, तीन मिनिटं आहेत. समोर दिवा, हिरवा, मग पिवळा. माझं डोकं इतकं तापलं की घसाच सुकला. समोर पेला होता, तो उचलला, प्यायलो, ठेवला, "सभ्य गृहस्थहो" म्हटलं, आणि लाल दिवा! पाणीपट्टी मंजूर. नगरपालिकेचंच पाणी पिऊन हरलो मी!

मग आला शनिवार. रस्त्यात खुर्च्या, गिटार, लिंबाचं सरबत, तेही बादलीएवढ्या पेल्यांत. माझी मशीनं आ वासून बसलेली. दार वाजलं. म्हटलं, देव आहे! बाई आली, हातात टोपली नाही. म्हणाली, टॉयलेट कुठंय? तिच्यामागे नवरा. नवऱ्यामागे अख्खं गाव! कारण खुर्च्या मांडणाऱ्या त्या दीडशहाण्यांना सरबत जातं कुठे याचा विचारच सुचला नव्हता. दर खेपेला आत धो धो पाणी, नव्या दराने, माझ्या नळाचं! आणि हाकलू कुणाला? सगळी माझीच गिऱ्हाइकं, आज नाही म्हटलं तर उन्हाळा सरल्यावरही कपडे घेऊन पलीकडच्या गावाला जातील. बोलायचं कुणाला?

संध्याकाळी हेगडॉर्नबाई स्वतः आल्या, सरबत घेऊन. दारापर्यंतची रांग बघून डोळे भरून आले त्यांचे.

"किती भरलंय रे दुकान तुझं, लेनर्ड! उगीच घाबरत होतास."

मी टॉयलेट पेपरची नवी गुंडाळी त्यांच्या हातात दिली, आणि रांग कुठून आहे ते दाखवलं.