डावा पुढचा सड

—तापणारच हो काका, कास आहे की तवा! शेपूट धरा घट्ट, मागच्या वेळी हिनं माझा चष्मा शेणानं सारवला होता — हं, आता बघा या काळ्या वाटीत. पहिल्याच धारा. दिसल्या गुठळ्या? कास पुन्हा सुजून दगड झालीय — दगडी रोगच आहे, दुसरं काय! इंजेक्शनं मध्येच का थांबवलीत? सूज उतरली म्हणून? वा! म्हणजे जंतू जाताना तुमचा निरोप घेऊन गेले वाटतं! नाव मोठं आहे त्यांचं, स्टॅफिलोकोकस — सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांचे घोस, इतके गोजिरवाणे! एरवी कातडीवर गुपचूप बसलेले असतात, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. सडाला चीर पडली की शिरले आत. आणि आत गाठी करून बसले की औषध दारावरूनच परत. आणि तुम्ही एकाच फडक्यानं सगळ्या गायी पुसता — म्हणजे पाहुण्यांना घरपोच सेवा!

नाही, रागावत नाहीये. मला कुठलं तोंड आहे रागवायला? मुलगी झाली आणि मी लगेच कामावर हजर — माझ्यावाचून गायींचं कसं व्हायचं! गायींनी विचारलंही नव्हतं. छातीला चीर पडली, म्हटलं, होतंच असं. मग हुडहुडी भरून ताप. डावी बाजू लालभडक, हात लावू देईना. अहो, रोज दुसऱ्यांच्या कासा दाबून बघणारी बाई मी — आणि स्वतःचं निदान काय केलं? फ्लू! शेवटी नवऱ्यानं धरून बायकांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "नक्की कुठे दुखतंय?" आणि मी त्या तापात, खणखणीत आवाजात — "डावा पुढचा सड!" बाहेरच्या बाकावरच्या बायकांपर्यंत गेलं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मागचे बरे आहेत ना?"

हसा, हसा. गोळ्या दिल्या त्यांनी. ताप उतरला, मी बंद केल्या — हो, तुमच्यासारख्याच! असं बघू नका. मग पू धरला, चिरावं लागलं. जखम भरत आली तशा डॉक्टर म्हणाल्या, दूध साठू देऊ नका, पाजत राहा. मी पाजेन हो, पण प्यायला नको का कुणी? डावीकडे घेतलं की मुलगी मान फिरवायची. उजवीकडे राजरोस पोट भरायची. नवरा म्हणाला, एका बाजूवरही वाढतात मुलं. वाढतात की! मीच नाही का सांगत गोठ्या-गोठ्यात, तीन सडांवर गाय उत्तम चालते म्हणून? सांगायला काय जातं — पण पोटच्या पोरीनं रोज तोंड फिरवायचं म्हणजे... मी नळ मोठा सोडून न्हाणीघरात बसायचे. नवऱ्याला वाटायचं, बायको फारच स्वच्छ झाली.

आणि आज सकाळी — अर्धवट झोपेत होती ती, मी पण — चुकून डावीकडेच घेतलं. आणि प्यायली हो काका! घटाघट. घोट ऐकू येत होते. मी श्वाससुद्धा दाबून धरला, म्हटलं हलले तर कळेल हिला, कुठली बाजू आहे ती... इवलासा हात असा माझ्या बरगडीवर ठेवून...

काय? छे, रडतेय कुठली! डोळ्यात शेण उडालं, तुमचीच गाय. उभे काय राहिलात? जा, गरम पाणी घेऊन या. आणि — सावकाश या जरा.