इर्जिकीचा दिवस

काय म्हणालात? ‘परस्पर-सहकार्य’? – सायेब, त्याला आमच्या गावाकडं इर्जिक म्हणत्यात, इर्जिक! पुण्यातनं संशोधन कराय आलात आन् एवढंबी ठावं न्हाई? एकाचं रान नांगरायचं ऱ्हायलं की बाकीच्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, दिवसभर राबायचं. मजुरी? – थू! मजुरीचं नाव काढाल तर माणूस नांगराचं तास अर्ध्यात टाकून, औत सोडून घरी जाईल. पोटभर जेवाय घालायचं, आन् त्याची पाळी आली की आपण जायचं. एवढ्या पुरणपोळ्या काय तुमच्यासाठी लाटल्या? आज माझी इर्जिक हाय. आठ नांगर सांगितल्यात. काय लिवलं? – ‘सहकार्य उत्तम’? खोडा! आधी बघा, मग लिवा. उन्हं पार ओसरीवर आली. इर्जिकीचा नांगर उजाडताना रानात असतो. – येतील. हिंदुरावाचा बैल अडला आसंल.

का न्हाई येणार? काय वंगाळ केलं मी? मालक गेल्यापासनं रान माझ्या नावावर. कारखान्याचा माणूस कागद घेऊन आला, मी चौथी शिकलेली, वाचून सही केली – खालचं रान दिलं. त्यात विहीर होती, व्हय. तिच्यावर चार घरांच्या मोटा चालायच्या, व्हय. पर सातबाऱ्यावर नाव कुणाचं? माझं! मग विचारायचं कशाला? थोरली जाऊ, शालनबाई, दारात येऊन बसली – ‘सोजरा, सही करू नगं, आमचा मळा वाळंल.’ मी म्हणलं, ऊठ. आता कारखान्यानं तारेचं कुंपण घातलं, त्याला मी काय करू? तर मेले तोंडं फिरवत्यात! बोलावणं द्यायला गेले तर म्हणत्यात ‘बघू’. इर्जिकीला कुणी ‘बघू’ म्हणतं व्हय?

गप ऱ्हावा जरा. – घुंगरं! ऐकलीत? सांगत नव्हते? हिंदुरावाची गाडी, मागं रंगराव – आता लिवा ‘उत्तम’, लिवा! आवो हिंदुराव, इकडं! हिकडं वळा की! – अगंबया, गाडीत नांगर न्हाईत. टिकाव हायत. पहारी हायत. – शालनबाईच्या बांधाला लागले.

नवी विहीर खणाय निघालेत, सायेब. समदी.

काय बघताय माझ्या तोंडाकडं? मिटा ती वही. जावा – तिकडं जावा, तिकडं मोजा तुमचं सहकार्य.